चर बुजवण्याआधी केबलची नोंद घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या रस्त्यावर जलवाहिनीसाठी चर खणताना ऑप्टिकल फायबरची केबल तुटली. जेसीबीवाल्याच्या लक्षातही आले नाही. दोनशे मीटर चर बुजवून मंडळी पुढे गेली. संध्याकाळी कोपऱ्यावरचे एटीएम बंद, औषधांच्या दुकानात बिले होईनात आणि घरोघरी मुलांचे ऑनलाइन क्लास ठप्प.

रात्री दुरुस्तीची पोरे केबल कुठे तुटली हे शोधणारे ओटीडीआर यंत्र घेऊन आली. केबल 1,840 मीटरवर तुटली आहे, असे यंत्राने सांगितले. त्यांनी रस्ता मोजून तिथे खड्डा घेतला, तर केबल शाबूत! दुसरा खड्डाही वाया गेला. मी 27 वर्षे केबल जॉइंटर म्हणून काम केले आहे, त्यामुळे घरात बसवेना. जाऊन विचारले, ‘वाटेत चेंबर किती? लूप किती सोडलाय?’ कुणालाच ठाऊक नव्हते. ओटीडीआर काचेच्या तंतूत प्रकाश सोडतो आणि तो परतायला लागलेल्या वेळावरून तंतूची लांबी काढतो. ती लांबी तंतूची, रस्त्याची नव्हे. पुढे जोड द्यायला केबल हाताशी असावी म्हणून चेंबरमध्ये वेटोळे, म्हणजे लूप, घालून ठेवतात. इथे तीन चेंबर निघाले, प्रत्येकात पंधरा-वीस मीटरचे वेटोळे. म्हणजे तुटलेली जागा पन्नासेक मीटर अलीकडे. चौथ्या खड्ड्यात ती सापडली, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

पोरांकडे नकाशा नव्हता असे नाही. मोबाइलमध्ये जुन्या कागदाचा फोटो होता, त्यावर ‘वडापासून 12 फूट’. तो वड रस्तारुंदीत कधीच गेला.

ही केबल जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या भौगोलिक नकाशात, नोंदवलेली असती तर पहिलाच खड्डा बरोबर पडला असता. अशा नकाशात केबलच्या रेषेसोबत तिची खोली, चेंबरची जागा, वेटोळ्याची लांबी, कुठल्या रंगाचा तंतू कोणत्या इमारतीत जातो, हे सारे ठेवता येते. केबल तुटली की कोणाकोणाची सेवा गेली, हेही लगेच कळते. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस यांचे थर त्यावर ठेवले की खणण्याआधीच धोका दिसतो.

केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. खोदणाऱ्याने जागा कळवायची, म्हणजे तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना निरोप जातो. बेसुमार खोदाईने वर्षाला सुमारे 3,000 कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. अ‍ॅप चांगलेच आहे. पण मुळात केबलची जागा अंदाजाने नोंदवली असेल तर अ‍ॅप तरी काय करणार? वडापासून 12 फूट हेच संगणकात भरले, तर चूक फक्त कागदावरून पडद्यावर येते.

म्हणून माझी महापालिकांना कळकळीची विनंती आहे. चर उघडा असतो ते दोन-चार दिवसच केबल डोळ्यांना दिसते. तेव्हाच तिची मोजणी व्हावी, आणि तीही साध्या मोबाइलच्या जीपीएसने नको. त्यात काही मीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यात केबल फुटपाथखालून रस्त्याखाली जाते. सेंटीमीटरपर्यंत अचूक मोजणारी सर्वेक्षणाची उपकरणे आता मिळतात. खोलीसह हा नकाशा महापालिकेच्या जीआयएसमध्ये चढल्याशिवाय खोदाईची अनामत परत देऊ नये. नुसत्या सूचनापत्राने काही होत नाही, हे मी नोकरीत पुरते पाहिले आहे. पैसे अडले की नकाशे येतात.

कंपन्या म्हणतील, आमचे जाळे उघड होईल, कुणी घातपात करेल. ही भीती खरी आहे. पण खोदणाऱ्याला कोणता तंतू कोणाचा हे कशाला हवे? इथे साडेतीन फुटांवर केबल आहे, हाताने खणा, एवढे त्याला दिसले तरी पुरे. बाकीचे कंपनीजवळ राहू द्या.

पावसाळा संपला की खोदाईचे नवे परवाने निघतील. त्यात ही अट यंदाच घालावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केबल जॉइंटर