कळंबोलीच्या इलेक्ट्रिशियन काकांस

आदरणीय काका,
सा. न.

काल, अख्खा पावसाळा उघड्यावर काढून, आमची शक्तिमान, म्हणजे फौजेतला तो जुना ट्रक, पहिल्याच सेल्फला चालू झाली. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसते बसून होते. फौजेत त्यांनी अशीच गाडी चालवली, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली.

बॅटरी सारखी उतरायची म्हणून दीड वर्षात आम्ही बॅटऱ्यांच्या दोन जोड्या बदलल्या होत्या. जो तो म्हणे, गाडीपासून बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच बसवा, झालं. तुम्ही कोलशेतला आलात आणि आधी मीटर काढलात. 24 व्होल्टच्या गाडीत 12च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. तुम्ही दोन्ही वेगवेगळ्या मोजल्यात. एक 12.6, दुसरी 11.8. "दोघी एकाच वेळी चार्ज होतात, मग ही एकटीच का उतरते?" असं म्हणून हातातलं कडं काढून खिशात टाकलंत, मलाही अंगठी काढायला लावलीत आणि खाली बसलात.

त्या उतरणाऱ्या बॅटरीच्या टर्मिनलवर खाडीच्या हवेने हिरवा थर चढला होता. सोड्याच्या पाण्याने तो धुताना एक बारीक काळी तार निघाली. मागच्या मालकाने केबिनमधला 12 व्होल्टचा टेप थेट त्या एकाच बॅटरीवर जोडला होता. ती तार तशीच राहिली असती तर स्विच बंद करूनही बॅटरी उतरतच राहिली असती. ही गोष्ट इतक्या जणांपैकी कुणाच्याही नजरेस आली नव्हती, काका.

मी आणलेला कारचा छोटा स्विच तुम्ही परत करायला लावलात. सेल्फ मारताना शेकडो अँपिअर एका दमात जातात, तो वितळला असता. ट्रकचा जाड स्विच आणून तुम्ही तो अर्थिंगच्या बाजूला बसवलात. पाना चुकून चेसिसला लागला तरी ठिणगी नको म्हणून. आणि सेल्फकडे जाणारी मोठी केबल दाखवलीत. चेसिसच्या कडेला घासून तिचं रबर सोललं होतं, आतलं तांबं चमकत होतं. त्या केबलला मध्ये फ्यूज नसतो, तांबं चेसिसला टेकलं की आग लागू शकते. गाडी आमच्या चाळीच्या भिंतीला लागून उभी असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती केबलही तुम्ही त्याच दिवशी बदललीत.

जाताना डॅशबोर्डवर खडूने लिहिलंत, "आधी इंजिन बंद, मग स्विच." असं जुनं डिझेल इंजिन बॅटरीशिवायही चालूच राहतं, पण चालू इंजिनात बॅटरी तोडली की व्होल्टेज उसळून चार्जिंगची यंत्रणा जळू शकते, हे तुम्ही बाबांना दोनदा समजावलंत. बाबांनी तो खडू पुसू दिला नाही, त्यावरच रंगाने गिरवून घेतला. स्विचची लाल चावी आता घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते.

दसऱ्याला गाडीची पूजा आहे. काकूंना घेऊन नक्की या. हार तुमच्याच हातून घालायचा, असं बाबांनी सांगितलंय.

तुमचा,
कोलशेतचा शक्तिमानवाला