कुठे उभं राहून बघायचं

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘आई, डीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटच्या अर्जाला लागणारे काम बघण्याचे तास तुझ्याच नर्सिंग होममध्ये भरून टाकू का?’ तेव्हा समोर पेशंट होते, म्हणून नुसतं ‘लिहून कळवते’ म्हटलं. माझं उत्तर ‘नको’ असं आहे. घरच्या माणसाची सही अर्जावर बरी दिसत नाही, हे एक झालंच. पण माझ्या डोळ्यांसमोर तू आलास तर पेशंटकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघशील. माझ्या सहकारी तुला माझा मुलगा म्हणून वागवतील, गोड बोलतील, आणि या कामातलं जे जड आहे ते तुझ्यापासून लपेल. नेमकं तेच तुला दिसायला हवं.

आधी कागदाचं सांगते. डीपीटीला प्रत्येक कॉलेजची अट वेगळी आहे. कुणी 50 तास मागतं, कुणी 100, काही ठिकाणी अटच नाही. काहींना इनपेशंट (दाखल झालेले) आणि आउटपेशंट (येऊन-जाऊन उपचार घेणारे) दोन्हीकडचे तास हवे असतात. बहुतेकांना लायसन्स असलेल्या पीटीच्याच, म्हणजे फिजिओथेरपिस्टच्याच हाताखालचे तास चालतात. त्यामुळे तुझ्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या ॲथलेटिक ट्रेनरबरोबर घालवलेल्या संध्याकाळी कितीही छान असल्या, तरी तिथे मोजल्या जातीलच असं धरू नकोस. तुझ्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजची अट एका कागदावर मांड आणि त्यातली सगळ्यात कडक अट आपली मान. पीटीकॅसचे, म्हणजे या कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन यंत्रणेतले अर्ज जूनच्या मध्यावर उघडतात. तोपर्यंत सगळं हातात हवं असेल, तर सुरुवात हिवाळ्यातच करायला हवी.

हॉस्पिटलचं आधी हाती घे, कारण तिथे वेळ लागतो. थेट पीटी डिपार्टमेंटला फोन करून सहसा काही होत नाही. व्हॉलंटियर विभागाकडून जावं लागतं. लसींचे कागद, टीबीची टेस्ट, पोलीस रेकॉर्डची तपासणी, पेशंटच्या गुप्ततेबद्दलचं प्रशिक्षण, एवढं झाल्यावर बिल्ला मिळतो. त्यात कित्येक आठवडे सहज जातात. सुरुवातीला तुला व्हीलचेअर ढकलायला किंवा चादरी घड्या करायला लावतील. मन लावून कर. ज्या मुलाच्या घड्या नीट असतात त्याला आमच्यातलं कुणीतरी हाक मारतंच, ‘चल, आज माझ्याबरोबर राउंडला ये.’

खासगी क्लिनिकमध्ये मात्र स्वतः जाऊन भेट. सकाळी लवकर आणि दुपारी चारनंतर तिथे गर्दी असते, नोकरीवाले पेशंट त्याच वेळेला येतात. दुपारी जेवणाच्या सुमारास जा, साधी पँट आणि कॉलरचा शर्ट घाल. कोण आहेस, कोणते दोन दिवस मोकळा आहेस आणि किती आठवडे येऊ शकतोस, एवढंच सांग. ‘मला कधीही चालेल’ म्हणणाऱ्याला कुणी वेळ देत नाही, कारण त्याला कुठे बसवायचं हे त्यांनाच ठरवावं लागतं. नाही म्हणाले तर आभार मानून पुढच्या दारात जा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. तुझ्या वयाच्या सगळ्या मुलांना खेळाडूंचं क्लिनिक हवं असतं. गुडघ्याचं लिगामेंट शिवलेला तरणाताठा मुलगा, मोठं संगीत, चकचकीत मशीन. तेही बघ. पण तुझे निम्मे तास अशा जागी असू देत जिथे काम हळू चालतं. आयसीयूबाहेरचा वॉर्ड, पक्षाघाताच्या पेशंटचं रिहॅब, म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम, नाहीतर विशेष मुलांची शाळा. आपल्या न्यू जर्सीतच वेस्ट ऑरेंजला केसलर हे रिहॅबचं हॉस्पिटल आहे. 1995 मध्ये घोड्यावरून पडून मान मोडल्यावर ‘सुपरमॅन’चा नट ख्रिस्तोफर रीव्ह तिथेच होता. अशा इनपेशंट रिहॅबमध्ये पेशंटला साधारणपणे दिवसाला तीन तास थेरपी घ्यावी लागते, आठवड्यातले पाच दिवस. आजारी शरीराने तीन तास! ती माणसं दुपारी कशी दिसतात ते बघ. तिथे तासभर उभं राहून तुला कंटाळा आला, तर डीपीटीच्या तीन वर्षांचं कर्ज डोक्यावर घेण्याआधी ते कळलेलं बरं. आणि कंटाळा आला नाही, तर मला चिंता नाही.

बघायचं म्हणजे काय, तेही सांगते. पलंगावरून उठवणं यात बाहेरच्याला काही दिसत नाही. तू बघ की पीटी खोलीत शिरल्यावर आधी कशाला हात लावते. ऑक्सिजनची नळी, सलाइन, कॅथेटर कुठून कुठे जातंय ते ती पाहते, मग ब्लड प्रेशर. मग पेशंटला काठावर बसवून थांबते. ते थांबणं म्हणजेच काम आहे. चक्कर येते का, रंग उतरतो का, हे ती त्या वेळात वाचत असते. पेशंटच्या कमरेला बांधलेला पट्टा ती कुठे धरते आणि स्वतःचा पाय कुठे ठेवते ते बघ. नंतर ती कॉम्प्युटरसमोर किती वेळ बसते तेही बघ. मेडिकेअरला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला, थेरपीच्या एका युनिटचं बिल लावायचं तर निदान 8 मिनिटं प्रत्यक्ष थेरपी झालेली असावी लागते, आणि त्या मिनिटांचा हिशेब आम्हाला रोज द्यावा लागतो. या धंद्याचा हा भाग कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. पीटी, तिचा असिस्टंट आणि एड म्हणजे मदतनीस यांच्यात कोण काय करू शकतं, हा फरकही तुला तिथे उभं राहूनच समजेल.

पेशंटसमोर प्रश्न विचारू नकोस. घरी आल्यावर लिही. नाव, खोली नंबर काहीही न लिहिता, फक्त काय पाहिलंस आणि काय कळलं नाही ते. दुसऱ्या दिवशी गाडीपाशी चालताना किंवा डबा खाताना विचार. तेव्हा माणसं मोकळेपणाने बोलतात. शेवटी शिफारसपत्र मागशील, तेव्हा त्या पीटीला तू आठवशील तो या प्रश्नांवरून.

उन्हाळ्यात पुण्याला जाणार आहेस, तर तिथेही आठ-दहा दिवस एखाद्या हॉस्पिटलच्या फिजिओ ओपीडीत उभा राहा. मी मैत्रिणीला विचारते. ते तास इथली कॉलेजं धरतील की नाही ते ज्याला-त्याला विचारून घे. धरले नाहीत तरी जा. आमच्या केईएम हॉस्पिटलची फिजिओथेरपीची शाळा 1953 साली निघाली, मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर. मी शिकत होते तेव्हाही लहानपणी पोलिओ झालेली मोठी माणसं कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारे पट्टे, दुरुस्त करून घ्यायला ओपीडीत यायची. त्या गर्दीत एकेका पेशंटला मिळणारा वेळ थोडा, म्हणून आम्हाला नातेवाइकांना शिकवावं लागायचं. सुनेला, मुलाला, कधी शेजारणीला सुद्धा. हात कुठे धरायचा, कूस कशी बदलायची. इथे माझ्या पेशंटच्या उशाशी पुष्कळदा कुणीच नसतं. दोन्हीकडे उभं राहिलास तर या कामाचा अर्धा भाग शिकवण्याचा आहे हे तुझं तुलाच दिसेल.

आणि गुडघा बदललेल्या आजी काय विचारतात ते ऐक. ‘किती अंश वाकतो’ हे त्या कधी विचारत नाहीत. ‘देवापुढे खाली बसता येईल का? मांडी घालता येईल का?’ हेच विचारतात. इथल्या पेशंटला बागेत वाकायचं असतं, नाहीतर नातवाच्या बेसबॉलला पायऱ्या चढायच्या असतात. प्रत्येकाचा असा एक प्रश्न असतो. जी पीटी पहिल्याच दिवशी तो विचारून घेते, तिच्याजवळ जास्तीत जास्त दिवस काढ.

वेळ उरला तर घोड्यांवरून थेरपी देणाऱ्या केंद्रांत चौकशी कर. तिथे घोड्याच्या दोन्ही बाजूंनी मुलाला सांभाळत चालायला माणसं लागतातच. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये खेळाडूंची ताकद आणि तोल तपासणारा ‘फनफिटनेस’ नावाचा उपक्रम पीटी चालवतात, तिथेही हात लागतात. हे तासांत मोजलं जाईल न जाईल, पण मुलांशी बोलायची तुझी भीड चेपेल.

एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसींचे कागद माझ्या फायलीत आहेत, उद्या स्कॅन करून पाठवते. फ्लूची लस आणि टीबीची टेस्ट तुझ्या कॉलेजच्या हेल्थ सेंटरमध्ये या आठवड्यात उरकून घे. हातावरची टीबी टेस्ट 48 ते 72 तासांत परत जाऊन दाखवावी लागते, म्हणून सोमवारी किंवा मंगळवारीच कर. गुरुवारी केलीस तर शनिवार-रविवार मध्ये येतील.

तुझी,
आई