गाणं ऐकायला एक खोली हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंदूरच्या ‘लाइव्ह म्युझिक’वर पान भरून मजकूर आला होता. विजयनगरपासून बायपासपर्यंतचे कॅफे, कुठे कोणत्या वारी कार्यक्रम असतो, काय खायला मिळतं, दिव्यांच्या माळांचे फोटो. वाजवणारे कोण आणि ते वाजवतात काय, ह्याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. त्यातल्या काही ठिकाणी मी स्वतः वाजवलं आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, कात्री लावायची तर सुरुवातीला लावा, शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी व्हायोलिन शिकवते. रामबागेत घरीच क्लास आहे. नाट्यसंगीताची साथ, भावगीतांचे कार्यक्रम, गणेशोत्सवात मंडळांची स्टेजं, ह्यात हयात गेली. गेली काही वर्षं त्याच व्हायोलिनवर मी अमेरिकेतलं कंट्री संगीतही वाजवते. हे वाचून अनेकांच्या भुवया वर जातील. आमच्या सासूबाईंच्याही गेल्या होत्या. “ते घोडेवाल्यांचं?” म्हणाल्या. घोडेवाल्यांचं आहेच, पण त्याहून जास्त रेल्वेवाल्यांचं, खाणकामगारांचं, सूतगिरणीतल्या बायकांचं आणि रविवारी चर्चमध्ये गळा मोकळा करणाऱ्यांचं आहे.

मला ते लागलं महूमुळे. आमचे गिटारवाले अंकल महूचे, अँग्लो-इंडियन, रतलाम-महू-खंडवा मीटरगेजवर गार्ड होते. इंदूरला रेल्वे यावी म्हणून तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या रेल्वेबरोबर ड्रायव्हर, गार्ड, फिटर आले आणि त्यांच्या घरातली गाणीही आली, हे कोणी सांगत नाही. रेल्वे कॉलन्यांमधून जिम रीव्ह्ज देवासारखा ऐकला जायचा. हा गायक १९६४ साली विमान अपघातात गेला, पण महूतल्या नाताळात तो अजून हजर असतो. आणि कंट्रीचा पहिला मोठा तारा जिमी रॉजर्स हा स्वतः रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, होता. क्षयाने नोकरी सुटली म्हणून पूर्ण वेळ गायला लागला आणि १९३३ मध्ये त्याच क्षयाने गेला. अंकल त्याच्याबद्दल बोलतात ते आपल्याच डिव्हिजनमधल्या एखाद्या सीनियरबद्दल बोलावं तसं.

१९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीचं रेकॉर्डिंगचं सामान घेऊन टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी गेला. टोप्यांच्या एका जुन्या गोदामात त्याने यंत्र मांडलं आणि आसपासच्या डोंगरांतल्या गाणाऱ्यांना बोलावलं. जिमी रॉजर्स तिथेच पहिल्यांदा रेकॉर्ड झाला आणि कार्टर कुटुंबही. त्यातली मेबेल कार्टर तेव्हा १८ वर्षांची, गरोदर. ती अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायची. आमचे अंकल आजही नेमकं तसंच वाजवतात. गार्डच्या शिट्टीची दोरी ज्या बोटांत असायची त्या बोटांनी. सत्तरी उलटली, हाताला थोडा कंप आहे, तरी अंगठा चुकत नाही.

आता व्हायोलिनचं सांगते, कारण ते माझं. आपल्याकडे आम्ही जमिनीवर बसतो, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवतो आणि तारा बहुधा सा-प-सा-प लावतो. तिकडच्या डोंगराळ भागात जुने फिडलवाले (फिडल म्हणजे व्हायोलिनच) काही चालींसाठी तारा खालून वर ए-ई-ए-ई अशा लावतात. ए हा सा धरला की झालं सा-प-सा-प! अंकलनी पहिल्यांदा तशी एक चाल वाजवायला सांगितली तेव्हा मला एकही खुंटी पिळावी लागली नाही. फक्त उभं राहावं लागलं, ते मात्र जड गेलं. खांद्यावर व्हायोलिन घेतलं की मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, हात सुटत नाही. आणि ते बरंच झालं, कारण सुरुवातीला प्रत्येक सुरावर मी मींड घ्यायची. “ताई, इतनी मींड नहीं, ट्रेन छूट जाएगी,” असं अंकल म्हणायचे.

खरी कसोटी उजव्या हाताची. कमानीचा एक लांब फटकारा, मग दोन आखूड, परत एक लांब, दोन आखूड, हे सगळं गाणंभर. आपला हात समेवर वजन टाकायला सवकलेला, तिथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. शिवाय दोन तारा एकदम वाजवायच्या. माझ्याकडून शेजारची तार चुकून घासली गेली की गुरुजी बोटांवर पट्टी मारायचे, इथे ती मुद्दाम घासायची. माझ्या विद्यार्थिनींपैकी दोघी आता हे शिकतात आणि त्यांचा यमन काही बिघडलेला नाही. उलट कमान धरायची पकड सुधारली. कित्येक चाली सा-रे-ग-प-ध ह्याच सुरांतल्या असतात, तेव्हा भूप गळ्यात असलेल्या पोरींना त्या दोन दिवसांत येतात.

आमच्यात आणखी एक आहे, सिमरोलला आयआयटीत शिकणारा मुलगा, पाच तारांचा बॅन्जो वाजवतो. पाचवी तार आखूड, अंगठ्याजवळ, एकच सूर धरून असते, आपल्या सतारीतल्या चिकारीच्या कामाची. हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत गेलं. आणि नॅशव्हिल ह्या कंट्रीच्या माहेरघराच्या रेडिओवर १९२५ मध्ये ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या काही वर्षांत लोकांना वेड लावणाऱ्यांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथऑर्गनवाला होता, जो आगगाडीचा हुबेहूब आवाज काढायचा. पुढे १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. म्हणजे “हे गोऱ्यांचं संगीत” असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं.

आमचे पेटीवाले काका तर ह्या सगळ्यात सर्वांत आधी मिसळले. नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये कॉर्डची (एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडग्याची) नावं न लिहिता आकडे लिहितात: एक, चार, पाच, एक. गाणाऱ्याची पट्टी बदलली तरी कागद तोच. अंकलनी तसा चिठोरा काकांपुढे ठेवला आणि समजावून सांगायला तोंड उघडलं, तर काका म्हणाले, “सा कुठला ते सांगा, बाकी कळलं.” सरकता सा ज्याच्या हातात आहे त्याला ह्यात शिकण्यासारखं काय उरलं!

“आपलं सोडून हे कशाला?” हा प्रश्न मला मंडळांतून हमखास विचारतात. विचारणाऱ्याच्या मांडीवर बहुतेक वेळा हार्मोनियम असते, म्हणून मी फार वाद घालत नाही. पण आपल्या माळव्यात लुनियाखेडीच्या पद्मश्री प्रह्लादसिंह टिपानियांची कबीर मंडळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी तंबुरा, ढोलक, करताल ह्यांच्या मागे व्हायोलिनही ऐकलं असेल. खेड्यातलं, रांगडं, शब्दांच्या मागे मागे धावणारं व्हायोलिन. मला कंट्रीतलं फिडल कळलं ते आधी ते ऐकलेलं होतं म्हणून. देह सोडून जायचं, पलीकडच्या तीरावर कोणी वाट बघतंय, गाडी सुटते आहे: अंकलची चर्चमधली गाणी आणि कबीराची भजनं एका रात्री पाठोपाठ गायली तर कुठे सांधा आहे ते ऐकणाऱ्याला शोधावं लागतं. आम्ही गायली आहेत, महूत, एका अंगणात.

आता मूळ तक्रार. तुमच्या पानावरच्या ठिकाणांमध्ये ऐकायला कोणी येत नाही. त्यात त्या लोकांचा दोष नाही, ते जेवायला आलेले असतात. एका कॅफेत आम्हाला मोठ्या पडद्याखाली उभं केलं होतं आणि पडद्यावर क्रिकेटची मॅच. बॅन्जोच्या पोराने आयुष्यातला सर्वांत सुंदर तुकडा वाजवला तेव्हा विकेट पडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो बिचारा खाली वाकला नमस्काराला. दुसऱ्या एका ठिकाणी तिसऱ्या गाण्यानंतर मॅनेजर कानाशी येऊन म्हणाला, “मॅडम, कुछ अरिजीत का हो जाए.” बिदागी म्हणून सँडविचची कुपनं. ती मी घेतली नाहीत, पोरांनी घेतली, पोरांना भूक असते.

पैशाचं दुःख कमी आहे, खरं तर. आम्हाला सगळ्यांना पोटापाण्याचं काही ना काही आहे. दुःख आहे ते कान नसण्याचं. नॅशव्हिलमध्ये ब्लूबर्ड कॅफे नावाची जागा आहे, १९८२ पासून चालू. दुकानांच्या साध्या रांगेत एक गाळा, माणसं जेमतेम ९० मावतात. तिथला नियम एकच, गाणं चालू असताना बोलायचं नाही. बोललात की “श्शू”. गीतकार खोलीच्या मधोमध गोल करून बसतात आणि लोक त्यांच्या भोवती. ज्या शहरात हजारो माणसांची थिएटरं आहेत तिथे ह्या ९० खुर्च्यांसाठी रांग लागते. हे वाचलं तेव्हा मला नॅशव्हिल नाही, इंदूरच आठवलं. आपल्या शहराचा लौकिक गाणाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांचा. उस्ताद अमीर खाँ इथले, हे खरंच. पण रामूभैया दातेही इथले, आणि ते गायक नव्हते, त्यांची कीर्ती ऐकण्याची होती. त्यांच्यासमोर गायला मिळावं म्हणून मोठी मोठी माणसं इंदूरला येत. आज त्याच शहरात मैफल म्हणजे मुंबई-पुण्याचा कलावंत, मोठं सभागृह, पुढच्या दोन रांगा प्रायोजकांच्या, आणि गावातल्या वाजवणाऱ्याने साथीला बसायचं.

सानंद ह्या मराठी संस्थेच्या नाटकांना ह्या शहरात मराठी माणूस सहकुटुंब, ठरल्या गटात, ठरल्या वेळी येतो आणि मोबाइल बंद करून बसतो. म्हणजे सवय मेलेली नाही. ती फक्त तिकिटावर बाहेरगावच्या कलावंताचं नाव असलं की जागी होते.

म्हणून विनंती आहे आणि ती दोन ठिकाणी आहे. पहिली आपल्या मराठी संस्थांना. तुमच्याकडे लहान हॉल आहेत, साठ-सत्तर खुर्च्यांचे, जे आठवड्यातल्या मधल्या वारी संध्याकाळी कुलूपबंद असतात. महिन्यातली एक संध्याकाळ गावातल्या वाजवणाऱ्यांना द्या. फक्त आम्हालाच नव्हे. सतार शिकणारी मुलगी असेल, माळवी लोकगीतं गाणाऱ्या बायका असतील, गझल लिहिणारा कोणी असेल. भाडं आम्ही तिकिटातून देऊ. तिकीट ठेवाच, फुकट ठेवू नका, फुकटात आलेला माणूस मधेच उठून जातो. साउंड सिस्टिम नको. लाउडस्पीकरला रात्री १० नंतर बंदी आहेच आणि ती योग्य आहे, पण आम्हाला १० च्या आधीही तो नको. बिल मन्रोच्या काळातल्या ब्लूग्रासवाल्यांसारखे (ब्लूग्रास ही कंट्रीचीच एक शाखा) आम्ही फार तर एका माइकभोवती उभे राहतो. ज्याची पाळी त्याने अर्धं पाऊल पुढे यायचं, वाजवून झालं की मागे सरकायचं. हे बघायलाही मजा येते. माझी कमान एकदा अंकलच्या टोपीत अडकली होती. जुन्या पारंपरिक चालींचा प्रश्न येत नाही, पण इतर गाण्यांसाठी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं) लायसन्स काढावं लागतं. ते संस्थेच्या गळ्यात पडू नये एवढ्यासाठी खर्च आणि खटपट आमची.

सिमरोलची पोरं बसने येतात, महूचे लोक शेवटच्या गाडीच्या हिशेबाने उठतात, तेव्हा साडेसहाला सुरू करून नऊला संपवावं. इंदूरमध्ये साडेसहा म्हणजे सव्वासात हे मला माहीत आहे. दार साडेसहालाच लावा, एक-दोनदा बाहेर उभे राहिले की वेळेवर येतील.

दुसरी विनंती आपल्याला. आपल्या ‘आज शहरात’ ह्या सदरात कीर्तन, व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, रक्तदान शिबिर अशा सगळ्यांना जागा मिळते. आमच्या कार्यक्रमाची ओळ मी मागे दिली होती, ती ‘हॉटेल व मनोरंजन’च्या जाहिरातींत जाईल, दर इतका, असं उत्तर आलं. एका व्हायोलिनवादिकेने, पेटीवाल्याने आणि निवृत्त गार्डने एका खोलीत बसून वाजवणं हे कुठल्या सदरात बसतं ते संपादक ह्या नात्याने आपण एकदा ठरवावं. ओळ लहान आहे: वार, वेळ, जागा, “कंट्री आणि माळवी, साथीला काही नाही”. जागा मिळाली की पाठवते.

आपली,
एक व्हायोलिन शिक्षिका
रामबाग, इंदूर