बाबा, राजीनामा फक्त वडीलपदाचा

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही जे बोललात ते अजून कानातून जात नाही. "मंडळीच्या वडीलपदाचा राजीनामा दिला. आता कसला सेवक मी, नुसता बसून खाणारा." मी तेव्हा गप्प राहिले, कारण बोलायला गेले असते तर रडले असते. म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. अध्याय-वचन आलं की बायबल काढून पडताळूनही बघा, नाहीतर बाबांना चैन पडायचं नाही.

वडील म्हणजे मंडळीची, चर्चची देखरेख करणारा; ते पद आहे. मंडळीनं निवडून दिलं, तुम्ही सव्वीस वर्षं सांभाळलंत, अर्धांगाच्या झटक्यानंतर उभं राहणं जमेना तेव्हा सोडलंत. ते योग्यच केलंत. पण शास्त्रानं आपल्याला जी नावं दिली आहेत ती कुठल्या सभेनं ठराव करून दिलेली नाहीत. त्यांचा राजीनामा घ्यायला कोणी बसलेलं नाही.

'ख्रिस्ती' हेच घ्या. शाळेत मुली मला 'किरिस्ताव' म्हणून चिडवायच्या, तेव्हा तुम्हीच प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय उघडून दाखवला होता. शिष्यांना हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं, आणि ते बहुधा बाहेरच्यांनीच ठेवलं, असं म्हणाला होतात. अख्ख्या नव्या करारात ते तीनदाच येतं: एकदा तिथं, एकदा अग्रिप्पा राजाच्या तोंडी आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात, जिथं तो सांगतो की ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाजू नका. आपसात मात्र ते एकमेकांना शिष्य म्हणत, बंधू म्हणत, पवित्र जन म्हणत. त्या दिवसापासून मला त्या चिडवण्याचं काही वाटेनासं झालं.

परवा तोच अध्याय पुन्हा वाचताना एक गोष्ट नव्यानं दिसली. सव्विसाव्या वचनात नाव मिळतं आणि लगेच खाली दुष्काळाची बातमी येते. रोमी सम्राट क्लौद्याच्या काळातला दुष्काळ. मग अंत्युखियाचे शिष्य ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे गोळा करून यहूदीयातल्या बंधूंना पाठवतात, आणि ते पोचवायला बर्णबा आणि शौल, म्हणजेच पौल, जातात. नाव मिळाल्यावर कृत्यांचा लेखक लूक सांगतो ते पहिलं काम हे! मला बहात्तरचा दुष्काळ आठवला, म्हणजे तुमच्या तोंडून ऐकलेला. आजोबा दिवसभर खडी फोडायचे आणि घरात आलेल्या मिलो ज्वारीतला अर्धा वाटा शेजारच्या म्हातारीकडे पोचवायचे. आजोबांना अक्षर वाचता येत नव्हतं आणि मंडळीत त्यांना कसलंही पद नव्हतं. (ते अंत्युखिया म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झालं, तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करून आम्हा सगळ्यांना प्रार्थनेला बसवलं होतं.)

आणि 'पवित्र जन'? करिंथच्या मंडळीला पौल पहिल्याच ओळींत पवित्र म्हणतो, आणि पुढं पानंच्या पानं त्यांची भांडणं, कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाच्या वेळी गरिबांना उपाशी ठेवणं. आधी नाव दिलं, मग कान धरला. तुम्ही आम्हाला तसंच वाढवलंत. आधी 'शहाणी माझी बाई' आणि मग रागावणं.

पण मला मुख्य सांगायचं आहे ते वेलीच्या फाट्याचं.

इथं सध्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू आहे. शनिवारी पिंपळगावच्या बाजूला मैत्रिणीच्या बागेत गेले होते. हिरवीगार वेल बघता बघता उघडी पडते, नुसत्या काड्या उरतात. कापलेल्या टोकाशी पाण्याचा थेंब साचतो, जरा वेळानं गळतो, दुसरा येतो. मला ते बघवेना. मैत्रिणीच्या सासऱ्यांनी एक मालकाडी, म्हणजे घड धरणारी काडी, हातात धरून तिच्यावरचा डोळा दाखवला आणि म्हणाले, "पोरी, घड आता दिसायला लागतील, पण ते या डोळ्यात बसले उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर." म्हणजे एप्रिल-मे मध्ये, जेव्हा बागेत नुसती पानं असतात आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, इथं काही चाललेलं नाही. फेब्रुवारी-मार्चात जो माल निघणार, तो तेव्हाच आत घडलेला असतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय तुम्हाला तोंडपाठ आहे. मी वेल आहे, तुम्ही फाटे आहा. फळ देणाऱ्या फाट्यालाच माळी साफसूफ करतो, जास्त फळ यावं म्हणून. आणि फाट्याला येशू सांगतो काय, तर माझ्यामध्ये राहा. राहा, राहा, राहा, किती वेळा! बाबा, गेलं वर्षभर तुम्ही खिडकीपाशी बसून डाव्या हातानं शास्त्राची पानं उलटता, मंडळीतल्या एकेका घराचं नाव घेऊन प्रार्थना करता. याला तुम्ही बसून खाणं म्हणता. मला ते राहणं वाटतं. त्याच अध्यायात, थोडं पुढं, तो शिष्यांना म्हणतो की मी तुम्हाला आता दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. मित्रानं काम किती केलं याचा हिशेब आपल्या घरात तरी तुम्ही कधी ठेवला नाहीत.

आई, तुलाही एक नाव आहे. यापोतली टबीथा, जिला दुर्कस म्हणतात, तिला कृत्यांच्या नवव्या अध्यायात 'शिष्या' म्हटलं आहे, आणि नव्या करारात हा शब्द या एकाच बाईसाठी आलेला आहे. ती कुठं बोलली, काय बोलली, काही लिहिलेलं नाही. ती गेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिनं शिवलेले कपडे दाखवत होत्या. मागच्या महिन्यात आले तेव्हा बाबांचा पांढरा शर्ट घडी घालताना माझ्या लक्षात आलं. काजं बंद करून बटणं तू वरून तशीच टाचली आहेस आणि आतून वेल्क्रोची पट्टी लावली आहेस. बाबांना एका हातानं शर्ट घालता यावा आणि उपासनेत कुणाला फरक कळू नये म्हणून. त्या पट्टीचे टाके किती बारीक आहेत! तो शर्ट मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

बाबा, मागच्या पाकिटावरचा पत्ता तुम्ही डाव्या हातानं लिहिला होतात. अक्षर तिरकं आलं होतं, पण पोस्टमननं एका फेरीत घर शोधलं. आता उत्तरही तुम्हीच लिहा. दोन ओळी चालतील.

२३ डिसेंबरला आम्ही सगळे येतोय. आई, त्या निळ्या चौकडीच्या शर्टालाही पट्टी लावून ठेव. नाताळच्या उपासनेला बाबांनी तोच घालायचा, आणि पहिल्या बाकावर बसायचं, नेहमीसारखं.

तुमची,
धाकटी