हात शेकून घेणाऱ्या नानांस

नाना, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "असू द्या हो" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणारे, म्हणून उभी नोकरी केलीत, निवृत्त झालात, तरी सेलूत कुणाचं पाखरू आजारी पडलं की अजून तुमचंच दार वाजतं. का, ते लोकांना कळू द्या.

पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून, पाय फाकवून बसलेली आणि दर श्वासाला शेपूट खालीवर करणारी लव्ह बर्डची (आपण लव्ह बर्ड म्हणतो त्या बजरीगरची) मादी दिसली, तर पहिला संशय अंडं अडकल्याचा घ्यायचा. पाखरं विकून पोट भरणाऱ्याला एवढं तरी ठाऊक हवं. आमची मादी अशीच बसली होती, तर दुकानदाराने सर्दी आहे म्हणून सांगितलं आणि पाण्यात घालायला टेट्रासायक्लिनची पुडी दिली. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंना आवळायला कॅल्शियम लागतं, आणि हे औषध नेमकं कॅल्शियमलाच बांधून ठेवतं. दुसऱ्या एका ठिकाणाहून फोनवर उत्तर आलं, "एवढंसं तर पाखरू, नवीन आणा की." तिसऱ्याने एरंडेल पाजायला सांगितलं. चोचीत ओतलेलं तेल श्वासनळीत जातं, पिसांना लागलं तर पिसं चिकटतात आणि होती ती ऊबही जाते. या तिघांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात ते पौषातल्या रात्री. परभणीकडची थंडी काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. पिंजऱ्याला हात लावायच्या आधी तुम्ही गरम पाण्याचं पातेलं मागितलंत, त्यात हात बुडवून कोरडे केलेत, गालाला लावून पाहिलेत आणि मगच दार उघडलंत. "तिचं अंग आपल्याहून तापलेलं असतं, गार हात लागला की दचकते. आधीच जीव थोडा उरलाय." बस्स, एवढंच बोललात. नाना, पुढचं सगळं उपचारात मोडतं, पण मन भरून आलं ते त्या पातेल्यापाशी. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला गार हात लागू नये म्हणून थांबणारा माणूस आम्ही त्या दिवसात पहिल्यांदाच पाहिला.

धरलंतही कसं! मान दोन बोटांच्या मधे, पाठ तळहातावर, छाती पूर्ण मोकळी. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. मुठीत आवळून धरलेली पाखरं गुदमरून मरतात आणि लोक म्हणतात, घाबरून गेलं. पोट दाबून अंडं काढायला तुम्ही साफ नकार दिलात. कवच आत फुटलं तर कडा नळीला चिरतात आणि संसर्ग होतो. चपलेचं खोकं, अर्ध्यावर फडकं, एका अंगाला बाहेरून साठ वॅटचा पिवळा बल्ब, आत ३० ते ३२ अंश. फार तापलं तर तिला सरकता यावं म्हणून दुसरी बाजू थंड. शेजारी वाफाळतं पाणी, कारण कोरड्या उबेपेक्षा दमट ऊब उपयोगी. ग्लुकोजचं पाणी चोचीच्या कडेला थेंबथेंब, तिने स्वतः चाटायचं. तासाभरात फरक नाही तर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देता येतं, हेही बजावलंत. आपल्या हाताची मर्यादा आधीच सांगणारा माणूस विरळा. तशी वेळ आली नाही. अंडं पडलं, कवच कागदासारखं मऊ होतं.

पुढचं मात्र पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावं. नुसत्या राळ्या-बाजरीत कॅल्शियम जवळपास नसतंच. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस (माकूळ या समुद्री जिवाचं पांढरं, कॅल्शियमचं कवच) आणून जाळीला मऊ बाजू पक्ष्याकडे करून बांधायचा. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर द्यायची. पालक कमी, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. सकाळचं कोवळं ऊन थेट हवं, काचेतून आलेलं चालत नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच गाळून टाकते. मादी दिवसाआड एक अशी चार-सहा अंडी घालते. लागोपाठ वेतं झाली की तिच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, म्हणून वर्षाला दोनच वेतं, मग अंडी घालायला टांगलेलं मडकं काढून ठेवायचं. मडकं दिसत राहिलं तर ती पुन्हा अंड्यावर येते.

तुमच्या अंगणात पिंजरा नाही. कधीकाळी पाळलेल्या पाखरांबद्दल तुम्ही बोलता तेव्हा आवाज हळवा होतो, पण आता अंगणातच चिमण्या, मुनिया, होले, बुलबुल, दयाळ येतात. मातीचं परळ, पाणी दोन बोटं, मधे खडबडीत दगड, रोज काथ्याने घासलेलं, कारण विष्ठा पडलेल्या पाण्यातून एकाचा रोग सगळ्यांना लागतो. झुडपापासून चार-पाच पावलं लांब, नाहीतर मांजर दबा धरते. उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलांचा चुराही तुम्ही ठेवता, कारण विणीच्या काळात चिमणीलाही तेच हवं असतं जे आमच्या मादीला हवं होतं. माळवदाची घरं गेली, छताच्या लाकडांतल्या, तुळई-किलचनाच्या फटी गेल्या, चुन्याच्या भिंती टोचायची सोय गेली. तुम्ही ती उणीव मूठभर चुऱ्याने भरता आणि कुणाला सांगतही नाही.

लव्ह बर्ड सोडून द्यायचं पुण्य कुणी काढलं की तुम्ही अडवता. तो ऑस्ट्रेलियातला पक्षी, इथे त्याला चारा शोधता येत नाही, कावळा किंवा शिक्रा उचलतो. आणि आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणाऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवणही तुम्हीच देता, न रागावता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. राळ्याचं पोतं आणि समुद्रफेसाचे तुकडे रविवारी पोहोचवते. अंगणातल्या पाहुण्यांसाठी आहेत, तेव्हा नाही म्हणू नका.

आपली,
सेलूची एक पक्षी पाळणारी