दिग्या, तुझी क्लॅरिनेट

सांगली, रविवार, रात्रीचा दीड

प्रिय दिग्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. घाल शिव्या. तब्येत बरी, शुगर आटोक्यात, आईचा गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो कारण एक पिक्चर पाहिला आणि त्याबद्दल तुझ्याशिवाय कुणाशी बोलणार? सुमाला उठवून सांगायला गेलो तर झोपेतच 'बरं' म्हणाली.

'ब्लास्ट ऑफ सायलेन्स'. १९६१चा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम सव्वा तासाचा. ॲलन बॅरनने लिहिला, दिग्दर्शित केला आणि मुख्य भूमिकाही त्यानेच केली. ती पीटर फॉक करणार होता, पण त्याला पैसे देणारं दुसरं काम मिळालं. आठवतोय का आपल्या नाटकातला विन्या? परीक्षा आहे म्हणून आठ दिवस आधी पळाला, आणि त्याचे कपडे घालून तू उभा राहिलास, पँट घोट्याच्या वीतभर वर!

फ्रँकी बोनो हा सुपारी घेणारा नाताळात क्लीव्हलँडहून न्यूयॉर्कला येतो, एकाला मारायला. गोष्ट एवढीच. सुरुवातीला पडदा काळा. गाडी बोगद्यातून चाललीये, लांबवर उजेडाचा ठिपका, आणि एक घोगरा आवाज त्याच्याशी बोलतो. तू असा जन्मलास, तू असा वाढलास. अख्खा पिक्चरभर नुसतं तू, तू. आवाज लायनेल स्टँडरचा, शब्द वॉल्डो सॉल्टचे. दोघंही हॉलिवूडच्या काळ्या यादीतले, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेले, म्हणून सॉल्टने टोपणनावाने लिहिलं. पिस्तूल विकणारा जाडा राल्फ तर घरात उंदीर पाळतो. तुझी हॉस्टेलची खोलीच आठवली.

पण खरं सांगायचंय ते संगीताचं. मेयर कुप्फरमन. जॅझ आहे. आणि ऐक, हा माणूस क्लॅरिनेट वाजवायचा! संगीतरचना स्वतःची स्वतः शिकला. नावात सायलेन्स, पण पिक्चर गप्प म्हणून बसत नाही. रॉकफेलर सेंटरची रोषणाई, माणसांची गर्दी, त्यावर जॅझ, त्यावर तो आवाज. व्हिलेज गेट क्लबात एक गायक बोंगो बडवत गातोय आणि फ्रँकी सावजावर नजर ठेवून आहे. आवाज वाढत जातो तसा तो जास्तच एकटा दिसायला लागतो. शेवट दलदलीत. सप्टेंबर १९६०मध्ये डोना वादळ आलं, तर यांनी कॅमेरा घेऊन त्या वाऱ्यातच शूटिंग केलं.

दिग्या, भरत नाट्य मंदिरच्या विंगेत तू हेच सांगत होतास ना? आपल्या नाटकात खून करून नायक बाकावर बसतो, तिथे तुझी दीड मिनिटाची क्लॅरिनेट होती. मी पहिल्या घंटेला काढून टाकली. 'इथे शांतता पाहिजे, वाद्य आलं की तमाशा होतो,' असं सगळ्यांसमोर म्हणालो. तू म्हणालास, 'अरे, तो एकटा आहे हे कळायला शेजारी कुणीतरी वाजत असायला हवं.' मी ऐकलं नाही. परतीच्या एसटीत तू माधवशेजारी जाऊन बसलास, आणि त्यानंतर ती क्लॅरिनेटची पेटी आमच्यासमोर कधीच उघडली नाहीस. अण्णांच्या बँडमधली क्लॅरिनेट ती.

पिक्चर संपल्यावर माळ्यावर चढलो. तालमीची कॅसेट सापडली. फीत सुटली होती, पेन्सिल घालून गुंडाळली. बी बाजूला तू आहेस. आधी रीड, ती तोंडाची पातळ पट्टी, ओली करतोस त्याचा चपचप आवाज, मग एक लांब खालचा सूर, मध्ये श्वास घेतलेलाही ऐकू येतो. चाळीसेक सेकंद झाल्यावर माझा आवाज, 'बंद कर रे.' आणि टेप संपते.

तीनदा ऐकली. तू क्लॅरिनेट सोडलीस ती माझ्यामुळे का? नोकरी, बदल्या, अण्णांचं आजारपण, मी स्वतःला बरीच कारणं सांगत आलोय. मला खरं ते कळव. चुकलो मी, दिग्या. त्या बाकावर तुझा सूर हवाच होता.

मीनूची दहावी कशी गेली? नव्या घरात पाणी आलं का? वहिनींना नमस्कार.

दिवाळीत येशील तेव्हा पेटी घेऊन ये. रीड खराब झाली असेल तर साइज कळव, मी मिरजेतून आणून ठेवतो.

तुझा,
बाळ्या