काशीचं एकतर्फी तिकीट

पुणे,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

आमच्या प्रवासाबद्दलच्या तुझ्या प्रश्नचिन्हांना व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दिलं नाही, कारण हे तिथे मावणारं नाही. आमच्या तब्येती ठीक. माझी साखर होती तिथेच आहे, हिची पाठ अधूनमधून कुरकुरते. पुढे.

इंदूरची आत्या काशीला यायचं म्हणते आहे.

हस. मलाही आधी हसूच आलं. आमचा बेत साधा होता. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, काशी. प्रत्येक गावात आपलं माणूस, प्रत्येकाकडे दोन-तीन रात्री, लॉजचा खर्च शून्य आणि वजनाचा काटा वर. आत्याला फोन केला तो फक्त 'येतोय' म्हणून कळवायला. ती म्हणाली, "काशीपर्यंत जाताय तर मलाही न्या. जायचं तिकीट तू काढ, यायचं मी बघेन." आणि ठेवला फोन. ८२ वर्षांची बाई यायचं काय बघणार? ही म्हणते थट्टा होती. तू ओळखतोस तिला. थट्टा केली की आधी स्वतः हसते. या वेळी हसली नाही. वर धाकट्या सुनेने कळवलं, की अस्सीकडच्या मुमुक्षु भवनात राहायची सोय कशी होते याची चौकशी चालली आहे. काशीत देह ठेवायला म्हणून माणसं तिथे वर्षानुवर्षं राहतात, हे तुला सांगायला नको.

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर एक तर "केवढी श्रद्धा!" म्हणेल, नाही तर "डॉक्टरला दाखवा" म्हणेल. म्हणून तुला लिहितोय. नेमकं काय करावं हे कळत नाही, तोवर जे कळतं ते करून ठेवतोय, म्हणजे प्रवासाचा हिशेब. वाच आणि चुका काढ. तुझा आवडता उद्योग आहे.

आधी दिवस. आत्या म्हणते देवदिवाळीला काशीत असावं. इथेच पहिली मेख. आपल्या कॅलेंडरात देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला; काशीवाले ज्या देवदिवाळीला सगळे घाट दिव्यांनी भरतात ती आपली त्रिपुरी पौर्णिमा, पंधरवडाभर आधी. आपलं कॅलेंडर बघून गेलं तर दिवे विझून गेलेले असतात, आणि पौर्णिमेला गेलं तर घाटावर पाय ठेवायला जागा नसते. म्हातारं माणूस बरोबर असताना पौर्णिमा नकोच. दुसऱ्या बाजूने डिसेंबरच्या मध्यापासून गंगेच्या पट्ट्यात धुकं धरायला लागतं आणि गाड्या तासन् तास रखडतात. मधे उरतात पौर्णिमा उलटल्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस. पावसाळ्यात घाटांवर साचलेला गाळ तोवर धुऊन काढलेला असतो, पाणी उतरलेलं असतं, थंडी सोसण्यासारखी असते. शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार लागायच्या आत ती घरी पोचते, नाहीतर डब्यात कलश मांडायची तिची तयारी आहे.

मग तिकीट. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० चे ६० झाले. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. सकाळी ८ ला खिडकी उघडते आणि सुरुवातीची संधी आधार-पडताळणी झालेल्या खात्यांनाच असते. आपल्या तारखांचं आरक्षण उघडतं ते नेमकं पितृपक्षात. आत्याचं म्हणणं, पितृपक्षात तिकीट काढू नका. मी म्हटलं, काशीच्या तिकिटाला पितरांची हरकत कशी असेल, उलट ते रांगेत उभे राहतील. त्यावर मात्र हसली.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण लोअर बर्थचा कोटा शाबूत आहे. पुरुष ६० च्या पुढे, बाई ४५ च्या पुढे. (हिला ४५ ला ज्येष्ठ ठरवलं आहे हे तू सांग, मी नाही.) या कोट्याची खोच बऱ्याच जणांना तिकीट काढल्यावर कळते. तो चालतो एकट्याला किंवा एका तिकिटावर दोघांना, आणि दोघंही त्या वयात बसायला हवेत. तिघांची नावं एका तिकिटावर घातली, की कोट्यातून काही मिळत नाही आणि यंत्र देईल ती बर्थ घ्यावी लागते. म्हणजे ८२ वर्षांची आत्या वरच्या बर्थवर आणि खाली एखादा कॉलेजकुमार कानात बोंडं घालून. तो बिचारा उठतोही बहुतेक वेळा, पण त्याच्या भलेपणावर प्रवास आखू नये. म्हणून आत्या आणि ही एका तिकिटावर, मी वेगळ्या. डबा एक येईल याची खात्री नाही; तिकिटं लागोपाठ काढली तर शक्यता वाढते. हा 'लागोपाठ' मुद्दा लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

डबा टू एसीचा. थ्री एसीत मधली बर्थ लावली की खालच्याला ताठ बसता येत नाही, आणि आत्या रात्री दहाला झोपून तीनला उठून बसणारी. टू एसीत मधली बर्थच नसते. जागा डब्याच्या अगदी टोकाला नको, दार रात्रभर आपटतं; अगदी मधे नको, संडासापर्यंत हलत्या गाडीत चालायचं अंतर वाढतं. टोकाकडून दुसरा-तिसरा कप्पा उत्तम. तुझं 'मधलाच डबा, मधलाच कप्पा' हे वेद इथे चालणार नाहीत. आरएसीवर तर तिला बसवायचंच नाही. साइड लोअरवर दोघांनी रात्र काढायची वेळ येते, आणि खंडव्यानंतर आपण दोघांनीच ती काढली तेव्हा काय झालं ते आठव. (चूक तुझी होती. अजूनही.)

आता मार्ग. बडोदा-इंदूर आम्ही दोघंच. खरी गोष्ट इंदूरनंतरची. इंदूरहून काशीला थेट जाते काशी महाकाल एक्सप्रेस, २०२० साली सुरू झालेली. आठवड्यातून तीन दिवस. पण ती सुरू झाली तीच सगळे डबे थ्री एसीचे घेऊन, आणि पल्ला लांबचा. म्हणून जाताना इंदूर-ग्वाल्हेर एक रात्र, मामींकडे विसावा, आणि मग ग्वाल्हेरहून बुंदेलखंड एक्सप्रेस: झाशी, बांदा, चित्रकूट, प्रयागराज करत बनारस. माझा नियम असा, की म्हातारं माणूस बरोबर असेल तर शक्यतो गाडी जिथून सुटते तिथे चढावं आणि जिथे संपते तिथे उतरावं. मधल्या स्टेशनावर दोन-पाच मिनिटांत चाकाची खुर्ची, बॅगा आणि आत्या एकाच दारातून चढवायच्या म्हणजे आधी बॅगा चढतात, आत्या खाली राहते. बुंदेलखंड या नियमात बसते.

एक सावधगिरी. 'बनारस' आणि 'वाराणसी जंक्शन' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. पूर्वीचं मंडुआडीह, त्याचं २०२१ मध्ये बनारस झालं; आणि कँट म्हणतात ते वाराणसी जंक्शन. बुंदेलखंड बनारसला येते, काशी महाकाल जंक्शनहून सुटते. घ्यायला येणाऱ्याला स्टेशनचं नाव दोनदा सांगायचं, नाहीतर तो एका फलाटावर, आपण दुसऱ्या. मुगलसरायचं तर २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालंय; तिकिटावर डीडीयू दिसलं की घाबरू नये.

नातेवाइकांचं थोडक्यात, कारण तुला सगळे पाठ आहेत. घरीच उतरायचं, पण पुढचं तिकीट पहिल्याच संध्याकाळी चहाबरोबर दाखवायचं. 'अजून दोन दिवस राहा' याला तोंडी उत्तर चालत नाही, तारीख छापलेली दाखवली की चालतं. नेण्यासाठी आमसुलं, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, मेतकूट. पाव-पाव किलोच्या पुड्या, घरागणिक एक संच. महाराष्ट्राबाहेर इतकी पिढ्यांची आपली माणसं, पण आमसुलाला अजून तशीच हळवी. इंदूरला शेव आणि पोहे न्यायचे नाहीत, अपमान समजतात. सराफ्यात जायचं तर घरी सकाळीच जाहीर करायचं, की आज रात्री जेवण नाही. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याचा बाजार भरतो. साडेसातला वरण-भात-पोळी-भाजी जेवून दहाला भुट्ट्याच्या किसासमोर उभं राहण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत गराडू, म्हणजे तळलेला कंद, मिळू लागलेला असतो. तो गरम असतानाच, वरून जिरावन मसाला मारून. ग्वाल्हेरला किल्ला गाडीने उरवाई दरवाजाकडून चढायचा, म्हणजे कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती वाटेतच दिसतात. मामी आणि आत्या एकाच गाडीत सास-बहू मंदिर बघायला जाणार आहेत. नावावरून कोण काय बोलेल त्याला मी जबाबदार नाही.

आता काशी, जिथे माझी झोप उडते. काकांचं घर ब्रह्माघाटावर. तिथे रिक्षा जात नाही. मैदागिन चौकात उतरून गल्लीतून चालायचं, गल्ली कुठे उतरती, कुठे पायऱ्यांची, मधे गाय, मागून मोटरसायकल. चाकांच्या बॅगा तिथे निरुपयोगी, पाठीवरची पिशवी हवी. मैदागिन ते गोदौलिया हा पट्टा गर्दीच्या दिवशी वाहनांना बंद करतात, मग तर मैदागिनच्याही आधी उतरावं लागतं. आणि आत्याला पंचगंगा घाटावर उतरायचं आहे, बिंदुमाधवाचं दर्शन घेऊन. त्या पायऱ्या धडधाकट माणसाचे गुडघे बोलायला लावतात. उतरणं जमेलही, चढताना काय?

मी शोधलेली तोड अशी. तिला काकांकडे ठेवायचंच नाही. काका रागावतील, रागावू देत. अस्सी किंवा राजघाट, या दोन टोकांपैकी एकाकडे, दारापर्यंत गाडी येईल अशी जागा घ्यायची. राजघाटाजवळचा नमो घाट नव्याने बांधलाय. तिथे गाडी जवळपर्यंत जाते आणि उतारही आहे, म्हणून नाव तिथून धरायची. सगळे घाट पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला. सकाळी नावेत बसलं की उजेड सरळ घाटांवर पडलेला असतो. गंगा इथे उत्तरवाहिनी, म्हणजे नमो घाटाहून अस्सीकडे जाताना नाव प्रवाहाविरुद्ध जाते आणि वेळ जास्त लागतो, तो धरून ठेवायचा. पंचगंगा, भोसले घाट, शिंदे घाट, मणिकर्णिका, दशाश्वमेध, सगळं तिला बसल्या जागी दिसेल. पंचगंगेला नाव काठाला लावून तांब्यात पाणी घेता येईल. संध्याकाळची आरती मात्र तिला नावेतून नको. त्या वेळी नावा एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि उतरताना दुसऱ्यांच्या डुगडुगत्या नावांवरून पाय टाकत काठाला यावं लागतं.

विश्वनाथाला २०२१ च्या डिसेंबरात कॉरिडॉर झाल्यापासून वावरायला जागा झाली. फोन आत नेता येत नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरण्याआधी ठरवायचं. चाकाची खुर्ची मागून घ्यायची, लांब रांग टाळणाऱ्या सुगम दर्शनाची पावती आदल्या दिवशीच करायची. सुरक्षारक्षकाने अडवलं तर आत्या त्याला सांगणार, की १७८० चं हे देऊळ आमच्या देवी अहिल्याबाईंचं. इंदूरची माणसं काशीत पाहुण्यासारखी वागत नाहीत.

परत येताना काशी महाकाल, थेट इंदूर. थ्री एसी असली तरी सुटते तिथे चढायचं, संपते तिथे उतरायचं. तिचं परतीचं तिकीट मी काढणार आहे. तिला सांगणार नाही, किंवा तिकीट हातात देऊनच सांगेन, अजून ठरत नाही. ही म्हणते, सांगितलंस तर ती येणारच नाही. आणि न सांगता नेलं आणि निघायच्या दिवशी ती अस्सीला बसूनच राहिली तर? तिच्या जागी दादा असते तर मी काय केलं असतं, हा प्रश्न तू विचारशील म्हणून मीच आधी विचारला. उत्तर नाही. तिला नको म्हणायचा अधिकार मला आहे का, हेही कळत नाही. तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं तुला आठवतं का?

ती ऐकते ते एकाच माणसाचं, तुझं, तेही 'तू कोण रे आमचा' असं म्हणत. म्हणून तू ये. ग्वाल्हेरला येऊन मिळ. तू आलास की चौघं होतो: आत्या आणि ही एका तिकिटावर, तू आणि मी दुसऱ्या. दोन्ही तिकिटं कोट्यात बसतात, आणि लागोपाठ काढली तर डबाही बहुधा एकच. वरची बर्थ आली तर ती तुझी.

चिंगीला मुलगा की मुलगी, कळव तरी! वहिनींच्या पेन्शनची फाइल हलली का? आणि तुमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटवर सही केली नसशील तर करू नकोस, आधी मला कागद दाखव. बडोद्याला वहिनींच्या माहेरी डोकावणार आहोत, काही द्यायचं असेल तर आधी पाठव.

'बघू' असं उत्तर नको. तुझ्या रेल्वेच्या खात्याला आधार जोडलंय का ते आजच तपास. त्या दिवशी सकाळी ८ ला ओटीपीची वाट बघत बसलास तर गाडी तिथेच भरते. आणि आत्याला फोन कर. काशीचा विषय काढू नकोस, तीच काढेल. काय म्हणते ते शब्दन् शब्द मला सांग.

तुझा,
भाऊ